हत्तीमामाचा नमुना

हत्तीला हत्ती का म्हणतात, असं त्याला एकदा पाहिल्यावर कुणी विचारत नसे. स्लॅब टाकणाऱ्या टोळीचा तो मुकादम. सिमेंटची गोणी तो उशी उचलावी तशी उचलायचा, आणि तीही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात चहाचा ग्लास असायचा. टोळीतली माणसं त्याला हत्तीमामा म्हणत, म्हणून त्याची बायको आपोआपच मामी. ती त्याच टोळीत घमेली वाहणाऱ्या बायकांची पुढारी होती. नवरा हत्ती असला तरी अंकुश मामीच्या हातात, हे साइटवरच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं.

या हत्तीला दोन गोष्टींचा भारी गर्व. एक म्हणजे आयुष्यात डॉक्टरची पायरी चढलेला नाही. "आजारी पडायला फुरसत लागते," तो म्हणायचा, "ती साहेबलोकांना असते." दुसरा गर्व चहाचा. चहा असा हवा की चमचा सोडला तर तो उभा राहिला पाहिजे. चहावाल्याचा हात थांबला की हत्ती नुसती भुवई वर करायचा, आणि तो बिचारा पुन्हा साखरेच्या डब्यात हात घालायचा. "साखरेचं खाणार त्याला देव देणार," असं हत्ती वर सुनवायचा. मामीचं उत्तर ठरलेलं असायचं. "मुंगी होऊन साखर खावी म्हणतात हो. हत्ती होऊन नव्हे!"

हल्ली त्याला तहानही हत्तीसारखीच लागायची. पिंपाशी उभा राहिला की मागची माणसं कंटाळून परत जायची. आणि पाणी आत गेलं की बाहेरही यायचंच, त्यामुळे सळयांच्या ढिगामागे त्याच्या सारख्या फेऱ्या. टोळीला त्याचंही कौतुक. "मामाची टाकी भरते पण पटकन आणि रिकामी पण पटकन!" अहो, माणूस एकदा आवडता झाला की लोकांना कौतुकाला काहीही पुरतं.

या टोळीच्या दोन रीती होत्या, त्या आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यांनीच घडवलं. पहिली रीत पहिल्या घमेल्याची. स्लॅबच्या दिवशी खाली मिक्सर गरगरायचा, तिथून घमेलं जिन्यावरच्या माणसांच्या रांगेतून हातोहात वर चढायचं. रांगेतला शेवटचा हात मामीचा, आणि तिच्या हातून घेऊन ते पहिलं घमेलं ओतायचा हत्ती. दोघांची ओळखही अशीच झालेली. ती तेव्हा नवी होती. तिने घमेलं असं काही दिलं की अर्धं काँक्रीट याच्या छातीवर. "बघून दे की!" हा ओरडला. "बघून घ्या की!" ती ओरडली. झालं, ठरलं लग्न! तेव्हापासून एकाही स्लॅबचं पहिलं घमेलं दोघांनी चुकवलेलं नव्हतं.

दुसरी रीत क्यूबची. स्लॅब टाकताना त्यातलंच थोडं काँक्रीट लोखंडी चौकोनी साच्यात भरतात. तो ठोकळा पाण्यात ठेवून पुढे यंत्राखाली फोडतात, आणि त्याने किती भार सोसला त्यावरून आख्खा स्लॅब पास की नापास ते ठरतं. हत्तीचे स्लॅब दणकट असत, त्यांना नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. तरी क्यूब भरायची वेळ आली की तो थरथऱ्याला डोळा मारायचा. थरथऱ्या म्हणजे काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर धरणारा माणूस. दिवसभर ते थरथरणारं नळकांडं धरून धरून जेवतानाही त्याचा चमचा ताटावर वाजायचा. तो हळूच क्यूबच्या मालात सिमेंट जादा टाकायचा. "नमुना म्हणजे लग्नाला निघालेला नवरदेव," हत्ती सांगायचा. "घरी कसाही असो, लोकांपुढे न्यायचा तर नटवूनच न्यायचा."

अशा या सुखाच्या संसारात एक दिवस साइटवर पांढरी गाडी येऊन उभी राहिली.

गाडीतून उतरली आरोग्याची ताई. चणीने एवढीशी, पण आवाज असा की मिक्सरवाल्याने आपणहून मिक्सर बंद केला. साइटच्या तरण्या इंजिनिअर साहेबाने सगळ्यांना गोळा करून सांगितलं की आजपासून इथे कामगारांसाठी आरोग्याचा उपक्रम सुरू. रोज सकाळी व्यायाम, मग तपासण्या, सगळं फुकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम झाला आणि साइटवर अशी करमणूक त्याआधी कधी झालेली नव्हती. ताई म्हणाली, "हात वर!" आख्खा जन्म घमेली डोक्यावर चढवण्यात गेलेली माणसं एकमेकांकडे बघून हात वर करू लागली. ताई म्हणाली, "कमरेत वाका, पायाचे अंगठे धरा." हत्ती वाकला. त्याला अंगठे काही दिसले नाहीत, पण त्याचं पोट पाहून मागच्या रांगेतल्या बायका हसता हसता खाली बसल्या. थरथऱ्याला ताईने तीनदा सांगितलं, "दादा, आता थांबलात तरी चालेल." तो केव्हाच थांबलेला होता.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग ताईने नियम सांगितला. तपासणीत ज्याच्यात दोष निघेल, त्याला बरं होईपर्यंत उंचावरचं काम बंद. शेजारच्या साइटवर असंच झालं होतं. तिथला एक नावाजलेला मिस्त्री, ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं म्हणून त्याला गेटवर स्टूल दिलं आणि हातात शिट्टी. येणाऱ्या ट्रकला शिट्टी, जाणाऱ्या ट्रकला शिट्टी. हत्ती जाता येता त्याच्याकडे पाहायचा आणि अंगावर काटा यायचा. त्यात या इमारतीचा शेवटचा, सगळ्यात वरचा स्लॅब महिन्याभरावर आलेला. त्याचं पहिलं घमेलं आणि गेटवरचं स्टूल, या दोघांच्या मध्ये आता ती एवढीशी ताई उभी होती.

तपासणीसाठी ताईने बाटल्या वाटल्या. झाकणाच्या, छोट्या छोट्या. पुरुषांच्या दहा, बायकांच्या वेगळ्या. "लघवीचा नमुना द्या, दुपारपर्यंत," एवढं सांगून ती साहेबाच्या केबिनमध्ये गेली.

सळयांच्या ढिगामागे पुरुषांची सभा भरली. मिक्सरवाल्याचा चेहरा उतरलेला. आदल्या रात्री कुणाच्या तरी बारशात त्याने नको ते ढोसलं होतं. दुसऱ्याला वाटे आपल्या विड्या बाटलीत दिसतील. थरथऱ्याला तर बाटली धरता येईना. हत्तीने सगळ्यांकडे पाहिलं आणि तो हसला. मुकादमाचं डोकं आहे हो, उगाच नाही.

"काय म्हणाली ती? नमुना म्हणाली ना? अरे, नमुना म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायचं का? स्लॅबचा प्रत्येक कोपरा कुणी फोडून बघतं का? टोळी एक, नमुना एक. आणि नमुना द्यायचा तो चांगल्यातला चांगला."

"म्हणजे कुणाचा?" थरथऱ्याने विचारलं.

हत्तीने नुसती छाती पुढे केली. नऊ जणांनी नऊ बाटल्या त्याच्या हवाली केल्या आणि पाठ फिरवली. आता दुसरा कुणी असता तर दोन बाटल्यांत आटपला असता. हत्तीने दहाच्या दहा भरल्या, शिट्टी वाजवत भरल्या, आणि वर म्हणाला, "अजून कुणाला हवंय का?"

बायकांकडेही तो हा सल्ला घेऊन गेला होता, पण मामीने त्याला असं काही पाहिलं की तो अर्ध्या वाक्यातच वळला. बायकांनी आपापलं दिलं.

दुपारी ताई केबिनबाहेरच्या टेबलाशी आली. बाटल्यांच्या ट्रेमध्ये पुरुषांच्या बाजूला मुंग्या लागलेल्या होत्या. बायकांच्या बाजूला एकही नाही. ताईने एकेका बाटलीत कागदाची पट्टी बुडवली. बायकांच्या पट्ट्या जशाच्या तशा राहिल्या. पुरुषांची पहिली पट्टी काळपट पडली. दुसरी काळपट पडली. तिसरी, चौथी... दहावी पट्टी काळी पडली तेव्हा साइटवर खडी पडली तरी ऐकू आली असती.

"साखर आहे," ताई म्हणाली. "दहाही जणांना मधुमेह. तोही जबरदस्त."

"माझ्या सगळ्या टोळीला?" साहेब किंचाळला. त्याच्या डोळ्यांपुढून शेवटचा स्लॅब उडत गेला असावा.

नऊ माणसांनी सावकाश माना वळवल्या आणि हत्तीकडे पाहिलं. हत्ती आभाळाकडे पाहत होता. आभाळात काहीही नव्हतं.

पुन्हा सभा भरली. "मामा," थरथऱ्या म्हणाला, "तुमचा क्यूब फुटला की हो!" पहिल्यांदा सगळे हसले. हत्तीही हसला. मग हळूहळू हसू ओसरलं, कारण त्याचा अर्थ सगळ्यांच्या डोक्यात शिरला. साखर होती ती एकाच माणसाची, आणि तो माणूस समोर बसला होता. खरं सांगितलं तर नऊ जण सुटत होते आणि मामा त्याच संध्याकाळी स्टुलावर बसत होता.

मिक्सरवाला गप्पच असायचा एरवी. तो म्हणाला, "मरू दे. मला पण साखर आहे म्हणा." मग दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला. थरथऱ्याने मान हलवली, त्याची मान तशीही हलतच होती, पण या वेळी तो 'हो' म्हणत होता. हत्तीला काहीतरी बोलायचं होतं. घसा खाकरला, डोळे पुसले आणि म्हणाला, "सिमेंट गेलं डोळ्यात." त्या दिवशी साइटवर सिमेंटची गोणी उघडलेलीच नव्हती.

ताईने फर्मान काढलं. बोटातलं रक्त तपासायच्या पट्ट्या तिच्याकडे संपल्या होत्या, त्या स्लॅबच्या आधी येणार होत्या. तेव्हा दहाही जणांची पुन्हा तपासणी होईल आणि पायही तपासले जातील. दहाही जणांना एकदम खाली बसवलं तर कामच ठप्प, म्हणून साहेबाच्या विनवणीवरून उंचावरची बंदी तेवढी त्या तपासणीपर्यंत पुढे ढकलली. तोवर साखर बंद. रोज कामानंतर इमारतीभोवती भरभर फेऱ्या. आणि ज्याला जमेल त्याने आधीच दवाखान्यात जाऊन रक्त दाखवून यावं. दवाखाना म्हटल्यावर हत्तीने असा चेहरा केला जणू त्याला भाषाच कळत नाही.

आणि मग सुरू झाला तो तमाशा. नऊ धडधाकट माणसं मधुमेही होऊन वावरू लागली. चहा यायचा तो बिनसाखरेचा, काढ्यासारखा. पहिल्या घोटाला मिक्सरवाल्याने असं तोंड केलं की चहावाल्यानेच माफी मागितली. संध्याकाळ झाली की दहा पुरुष हात हलवत, बूट आपटत इमारतीला प्रदक्षिणा घालायचे, पुढे हत्ती, मागे नऊ, आणि जिन्यात बसून बायका टाळ्या वाजवायच्या. "अहो, एवढं चालताय तर जाता जाता चार घमेली तरी न्या!" मामी ओरडायची. तिला खरं कुणीच सांगितलं नव्हतं. तिला वाटे, पुरुषांना चहाने धरलं, बायकांना कामातून चहाला सवडच नव्हती म्हणून त्या वाचल्या.

नऊ जणांचा सगळा राग हत्तीवर निघायचा, पण कसा, तर त्याच्यावर पहारा ठेवून. त्याची साखर उतरली पाहिजे, नाहीतर स्लॅबच्या आधी बोटाला सुई लागली की सगळं उघडं! तो वाळूच्या ढिगामागे गेला की थरथऱ्या मागे. एकदा हत्तीने रिकाम्या हेल्मेटमध्ये साखरेची पुडी लपवली आणि विसरून तेच डोक्यावर घातलं. ऊन तापलं, घाम सुटला आणि मामाच्या कपाळावरून पाक ओघळायला लागला. थरथऱ्याने बोट लावून चाखलं. "मामा! तुम्ही माणूस आहात का कोण! तिकडे मिक्सरवाला तुमच्यापायी कडू पाणी पितोय!" हत्तीने मान खाली घातली. त्या दिवसापासून त्याने खरोखरच साखरेला हात लावला नाही. पण वर्षानुवर्षांचं साचलेलं, ते काय एका महिन्यात उतरतं?

तपासणीचा दिवस उजाडला. शेवटच्या स्लॅबचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट तोलून धरणारा फळ्यांचा साचा, पुरं झालेलं, वर सळया बांधून तयार. आदल्या दिवशीच हत्ती वर जाऊन सगळ्या फळ्यांवरून फिरून आला होता. ताईने टेबल मांडलं. फावडी धरून धरून बोटं एवढी निबर झालेली की पहिल्याच माणसाच्या बोटात सुई शिरेना. दुसरी सुई वाकली. "दादा, हे बोट आहे का सळई?" ताई म्हणाली, आणि रांगेत हशा पिकला.

एकेकाचा आकडा येत गेला. मिक्सरवाला, साफ. थरथऱ्या, साफ, फक्त थेंब कुठे पडला ते शोधावं लागलं. नऊच्या नऊ साफ! साहेब आनंदाने नाचायचाच बाकी राहिला. "ताई, कमाल केलीत! आख्खी टोळी बरी केलीत! फोटो काढू या." ताई मात्र नऊ चेहऱ्यांकडे पाहत होती आणि ते नऊ चेहरे आपापल्या बुटांकडे पाहत होते.

मग हत्तीची पाळी आली. थेंब लावला. यंत्राने आकडाच दाखवला नाही. "एवढं मोजायची ताकद याच्यात नाही," ताई हळूच म्हणाली. "मामा, बूट काढा."

डावा बूट निघाला. ताईने हत्तीला डोळे मिटायला लावले आणि पिशवीतून नायलॉनचा बारीक दोरा काढला. "तळव्याला दोरा लागला की 'हो' म्हणायचं."

हत्तीला वाटलं, हे तर सोपं. डोळे घट्ट मिटून तो ठसक्यात म्हणाला, "हो! हो! ... हो!"

हसू आधी थरथऱ्याला फुटलं, मग सगळ्यांना. मामीसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. हत्तीने एक डोळा उघडला. ताईचा हात अजून वर होता.

"मामा, मी अजून दोरा लावलाच नाही," ताई म्हणाली. मग तिने तो लावला. अंगठ्याला, चवड्याला, मधल्या बोटाखाली. दोरा वाकेपर्यंत दाबला. हत्ती डोळे मिटून वाट पाहत बसला. आता कुणी हसत नव्हतं.

"दुसरा बूट," ताई म्हणाली.

उजवा बूट निघेना. थरथऱ्याने ओढला, मिक्सरवाल्याने थरथऱ्याला धरून ओढलं, आणि दोघं मातीत कोसळले. "हत्तीचा पाय आहे बाबांनो, जरा जपून!" हत्ती म्हणाला. पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. मामी पुढे आली. तिने त्याचा पाय मांडीवर घेऊन बुटाचा तळ वर केला. तळाच्या मधोमध सेंट्रिंगच्या खिळ्याचं डोकं दिसत होतं. आदल्या दिवशी फळ्यांवर फिरताना कुठेतरी तो खालून बुटात घुसला होता, बुटातून पायात गेला होता, आणि हा माणूस त्यावर उभा राहून दिवसभर हुकूम सोडत होता, संध्याकाळी त्यावरूनच इमारतीला फेऱ्या घालून आला होता, आणि बूट उतरवायचा कंटाळा करून तसाच निजला होता.

"दुखतंय का?" मामीने विचारलं.

"नाही."

"नाही कसं? दुखलंच पाहिजे!" मामीचा आवाज फाटला. तिने त्याच्या पोटरीला कडकडून चिमटा घेतला. "ओरडा ना! एवढं आख्ख्या साइटवर ओरडत असता, आता ओरडा की एकदा!"

हत्तीने तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तो घाबरला. खिळ्याला नव्हे, गेटवरच्या स्टुलालाही नव्हे. आपलाच पाय आपल्याला काही सांगत नाही, याला घाबरला.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशीच्या दहाही बाटल्या माझ्याच होत्या. टोळी एक, नमुना एक, असं मला वाटलं. या पोरांचा काही दोष नाही. त्यांनी माझ्यापायी महिनाभर कडू चहा प्यायला."

मामीचा हात थांबला. साहेबाचं तोंड उघडंच राहिलं. आणि ताई? ती आधी रागावायला गेली, पण तिला हसूच आवरेना. टेबलाला धरून हसली, चष्मा काढून हसली. "दहा बाटल्यांचा रंग एक! मुंग्यासुद्धा एका रांगेत! अहो, मला काय तेवढंही कळत नाही? काळंबेरं आहे हे तेव्हाच समजलं. पण साखर कुणाची ते समजेना, विचारलं असतं तर एकानेही सांगितलं नसतं. म्हणून दहाही जणांची बंद केली. ज्याची असेल त्याची उतरेल, म्हटलं." मग डोळे पुसून तिने साहेबाला गाडी मागे घ्यायला सांगितली. बूट इथे कुणी ओढायचा नाही, दवाखान्यातच कापून काढायचा.

गाडीत मामीने त्याचा पाय मांडीवरच धरून ठेवला. दवाखान्याच्या दारात हत्ती पायरीपाशी थबकला. आयुष्यात न चढलेली ती पायरी. "चढा," मामी म्हणाली, "नाहीतर मी उचलते." आणि तिने उचललंही असतं.

डॉक्टरांनी खिळा काढला, जखम धुतली, औषधं सुरू केली. साखरेने पायाची जाणीवच मारली आहे, आठवडाभर असंच चाललं असतं तर पाऊल गेलं असतं, असं त्यांनी मामीला स्पष्ट सांगितलं. पाऊल राहिलं. पण स्लॅबवर चढायचं नाव काढायचं नाही.

म्हणून शेवटच्या स्लॅबच्या दिवशी हत्ती खाली, मिक्सरजवळ, स्टुलावर बसला होता. हो, तेच ते स्टूल! गेटवरच्या मिस्त्रीने शेजारून आणून दिलं, शिट्टीही देत होता. "एवढा आवाज असताना शिट्टी कशाला?" म्हणून हत्तीने परत केली. पांढऱ्या पट्टीतला पाय विटांच्या चळतीवर ठेवलेला आणि तोंड अखंड चालू. "पाणी कमी कर! खडी बघ! अरे, मिक्सर आहे का पाळणा?"

मिक्सरने पहिला माल ओतला आणि सगळे थांबले. पहिलं घमेलं मुकादमाच्या हातचं. हत्तीने बसल्या बसल्या फावडं घेतलं, घमेलं भरलं, आणि रांगेतल्या पहिल्या माणसाच्या हाती दिलं. घमेलं जिन्याने हातोहात चढत गेलं. इतकी वर्षं ते मामीकडून त्याच्याकडे यायचं, आज त्याच्याकडून मामीकडे चाललं होतं. तो मान वर करून पाहत राहिला. अगदी वर, कडेला, मामी दिसली. तिने घमेलं घेतलं आणि खाली वाकून ओरडली, "बघून दिलंत ना?"

"बघून घे की!" हत्ती ओरडला. वरून मामीचा हसण्याचा आवाज आला आणि काँक्रीट पडल्याचा.

थोड्या वेळाने थरथऱ्या क्यूबचे साचे घेऊन आला. सवयीने त्याने सिमेंटच्या गोणीत फावडं घातलं आणि डोळा मारला. त्याचे दोन्ही डोळे फडफडतात, पण हत्तीला समजलं.

"नको," हत्ती म्हणाला.

"मामा, शेवटचा स्लॅब आहे."

"म्हणूनच नको. जे वर जातंय तेच भर. फुटला तर फुटू दे, निदान कळेल तरी."

थरथऱ्याने फावडं गोणीतून काढलं. वर चाललेल्या मालातलाच माल साच्यात भरला, सळईने ठोकला, वरून सारखा केला. चहा आला तो बिनसाखरेचा, सगळ्यांनाच. आता नऊ जणांना तसा पिण्याचं काही कारण नव्हतं. मिक्सरवाला म्हणाला, "जीभ बिघडली माझी, गोड जातच नाही," आणि ग्लास हत्तीच्या ग्लासावर आपटून प्यायला.

स्लॅब संपला. संध्याकाळी खोलीत मामीने पाणी तापवून पट्टीच्या आजूबाजूचा पाय पुसला, डावा पाय मांडीवर घेतला आणि ताईने दिलेला नायलॉनचा दोरा काढला. "मिटा डोळे."

हत्तीने मिटले. मामीने अंगठ्याला दोरा लावला.

"नाही," हत्ती म्हणाला.

चवड्याला लावला.

"नाही."

मामीने ओठ दाबले आणि दोरा मागे सरकवत नेला. तळव्याच्या मध्यावर. "नाही," तो म्हणाला, आणि खरं बोलायचं त्याला इतकं जड जात होतं की कपाळावर घाम आला. मामी टाचेपाशी पोचली. हत्ती काहीच बोलला नाही. मग अगदी हळू आवाजात, जणू चुकलो तर पकडला जाईन अशा भीतीने, म्हणाला, "हो?"

मामीने पाहिलं. दोरा टाचेला टेकून वाकलेला होता.

"हो!" ती ओरडली. "हो हो हो!" एवढ्या जोरात की शेजारच्या खोलीतून थरथऱ्या धावत आला. येऊन बघतो तर हत्ती डोळे मिटून बसलेला आणि मामी त्याची टाच छातीशी धरून हसत रडत होती.